कोयत्याची धार वळते किंवा तुटते : भट्टी पेटवण्याआधी काय तपासायचं

कवळ, म्हणजे भाजावळीसाठी झाडांच्या पालेदार फांद्या, तोडायचे दिवस आले की तक्रार ठरलेली. कोयता दोन सकाळी झकास चालतो आणि मग एकाची धार वळते, दुसऱ्याच्या धारेला दात पडतात. तो पुन्हा भट्टीत जातो, त्याला पुन्हा पाणी दिलं जातं (लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक केलं जातं), आठवडाभर बरा चालतो, आणि भाजावळ (शेतात पाला जाळून जमीन भाजणं) संपायच्या आत परत तेच गाऱ्हाणं. काजूची बाग बेणताना तेच, गडग्यावरचं (दगडी बांधावरचं) रान मारताना तेच.

मी हौसेनं लोहारकाम करतो. कोकणात आमच्या मांगराच्या (शेतघराच्या) पडवीत करवंटीच्या कोळशाची लहान भट्टी आहे. शेजारपाजारचे कोयते, विळे, आडाळ्याची (विळीची) पाती दुरुस्तीला येतात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक कामांत दुखणं हेच असतं. जे माझ्यासारखे घरी भट्टी लावून बसलेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट, पुन्हा पाणी देणं हा यावरचा पहिला उपाय नव्हे. वळलेली धार मऊ असते किंवा गरजेपेक्षा पातळ असते. तुटलेली धार फार कडक असते किंवा आतून भरड झालेली असते. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे एकच उपाय दोन्हींना लागू पडणं शक्य नाही. त्यात दर वेळी पातं भट्टीत गेलं की थोडा कार्बन जळतो, थोडं लोखंड खवल्यांच्या रूपानं झडतं आणि चीर जाण्याची शक्यता वाढते. माझ्या ओळखीचे एक मेस्त्री कोयता हातात आला की आधी दारात जाऊन धार उजेडाकडे धरतात. "धार बघ आदी, मगे भट्टी पेटय," हे त्यांचं नेहमीचं सांगणं. मी त्यांच्याकडून जे शिकलो त्यात हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

धार वाचायची कशी

सकाळच्या उजेडात धार वर करून कोयता डोळ्यांसमोर धरा आणि सावकाश पुढेमागे हलवा. चांगली धार दिसतच नाही. जिथे ती बोथट झाली किंवा वळली तिथे पांढरी बारीक रेघ चमकते. मग अंगठ्याचं नख पात्याच्या बाजूवरून धारेकडे, बाहेरच्या दिशेनं ओढा. एका बाजूला नख अडकलं की धार त्या बाजूला लोळली आहे. कुठे चमकतं आणि कुठे अडकतं ते खडूनं पात्यावर खूण करून ठेवा, कारण जागा फार काही सांगून जाते.

धार सबंध लांबीभर वळली असेल तर पोलादात किंवा पाणी देण्यात खोट आहे. फक्त मुठीजवळच्या चार बोटांत मऊपणा असेल तर बहुतेक वेळा मूठ बसवताना गडबड झालेली असते. मुठीत जाणारी शेपटी लाल करून लाकडात खुपसली की तिची ऊब पात्यात चढते आणि तेवढ्या भागाचा कडकपणा उतरतो. मूठ बसवताना पात्याला ओलं फडकं गुंडाळलं की हा प्रश्न मिटतो. मध्येच एखाद्या जागी मऊपणा असेल तर ग्राइंडर. त्या जागी निळा डाग पडला होता का ते आठवून बघा. पोलाद निळं झालं म्हणजे ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं, आणि धारेजवळची पातळ कड तिथवर पोचायला दोन सेकंद पुरतात. ग्राइंडर वापरायचा तर हातमोजा न घालता पातं धरा, बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. चोचीचं टोक तेवढं तुटत असेल तर ते भट्टीत बाकीच्या पात्यापेक्षा जास्त तापलं. पातळ टोक नेहमी आधी तापतं.

एकच मोठी खाच आणि तिच्या कडेला चकचकीत ओरखडा दिसला तर पोलादाला दोष देऊ नका. कोयता गडग्यावर बसला आहे. जांभ्यात लोहाचे कठीण खडे असतात, त्यांच्यावर आपटलेली कोणतीच धार वाचत नाही. दगडावर घासून खाच काढा आणि वापरा.

यानंतर कानस. जरा नवी, मध्यम दात्यांची कानस हलक्या हातानं धारेवरून ढकला, मग पाठीवरून ढकला, आणि दोन्हीकडे हाताला काय जाणवतं त्याची तुलना करा. पाणी दिल्याबरोबर, ताव उतरवण्याआधी (म्हणजे कडक पातं पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवण्याआधी), कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. नीट ताव उतरवलेल्या कोयत्यावर ती लागते, पण जड लागते. त्यामुळे "कानस लागली म्हणजे कोयता मऊ" हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगले कोयते पुन्हा भट्टीत जातात. धारेवर आणि पाठीवर कानस अगदी सारखीच, सहज चावत असेल तरच धारेला पाणी चढलेलं नाही असं समजा.

धार वळते तेव्हा

सगळ्यात साधं कारण म्हणजे ते पोलादच नव्हे. भंगारातल्या एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ लोखंड) पट्टीत कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत असतो. ती कितीही लाल करा आणि कशातही बुडवा, धार धरण्याइतकी कडक होत नाही. बांधकामाच्या टीएमटी सळईचंही तेच. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे एफई ५०० सळईत कार्बन ०.३० टक्क्यांच्या वर नसतो. तिचा बाहेरचा थर कडक असतो तो कारखान्यात गरम सळईवर पाण्याचे फवारे मारून केलेला, आणि ठोकण्यासाठी एकदा लाल केली की तो गेला. सळईचे चिमटे करा, आकडे करा, कोयता करू नका.

ट्रकचा पाटा (चाकांवरच्या स्प्रिंगची पट्टी) हा आपल्याकडे सहज मिळणारा सगळ्यात चांगला माल. मुंबई-गोवा रस्त्याला लागून गॅरेजं आहेत, भंगारवाले आहेत, तुटलेले पाटे मिळतात. त्यात सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोमियमचं स्प्रिंग पोलाद असतं, कार्बन अर्धा ते ०.६ टक्के. कोयत्यासाठी हे प्रमाण अगदी बरोबर आहे. रुळांच्या क्लिपाही स्प्रिंग पोलादाच्याच असतात, आणि कोणी आणून दिल्या तरी घेऊ नका. त्या रेल्वेच्या मालमत्तेत मोडतात आणि १९६६ चा कायदा त्या नुसत्या जवळ बाळगण्यालाही लागू होतो. शिवाय त्या क्लिपेवर रूळ धरून असतो.

पोलाद ओळखायला ठिणग्या बघतात, पण त्या नुसत्या बघून उपयोग नाही, शेजारी ओळखीचा तुकडा हवा. मी एमएस, पाटा आणि जुनी कानस यांचे तीन तुकडे तारेत ओवून ग्राइंडरजवळ टांगले आहेत. एमएसच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, टोकाला क्वचित फाटा. कानशीच्या आखूड, आणि भरपूर फुटतात. पाटा मधला, पण त्यातलं सिलिकॉन ठिणग्यांचं फुटणं दाबतं, त्यामुळे अंदाजापेक्षा कमी फुटताना दिसला तरी तो टाकून देऊ नका. ठिणग्या सावलीत बघा, उन्हात काही कळत नाही.

आता जुने कोयते. आजोबांच्या वेळचा कोयता "पूर्वी काय धार धरायचा, आता धरत नाही" असं म्हणत कोणी आणला तर त्याला भट्टी दाखवू नका. जुन्या पद्धतीत अंग मऊ लोखंडाचं आणि धारेला टाकणखार (बोरॅक्स) लावून पोलादाची पट्टी चढवलेली असायची. वर्षानुवर्षं घासून ती पट्टी संपते आणि खालचं लोखंड धारेला येतं. खात्री करायची तर धारेजवळचा दोन बोटं रुंद भाग बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करा, तेल पुसून काढा आणि त्यावर व्हिनेगर लावून ठेवा. पोलाद काळपट होतं, लोखंड फिकट राहतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. काळा भाग दिसलाच नाही तर पोलाद संपलं. पाणी देऊन काही होणार नाही, नवी पट्टी चढवावी लागेल, आणि ते काम अनुभवी मेस्त्रींकडे द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. चांगला सांधा लागायला जो ताव लागतो त्याच तावात पोलाद जळतंही, आणि ती हद्द नजरेला कळायला वर्षं जातात.

माल बरोबर आहे आणि तरी वळतंय? मग वरची साल मऊ असेल. भट्टीत वारा जास्त आणि कोळसा कमी असला की पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. ओळख सोपी आहे. कानस आधी सहज चावते, आणि चार-पाच घासांनी आत गेली की जड लागायला किंवा घसरायला लागते. अशा वेळी धार दगडावर थोडी मागे घेतली की खालचं कडक पोलाद वर येतं. काम संपलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून पातं वाऱ्याच्या नळीच्या तोंडासमोर ठेवू नका, खाली कोळशाचा चांगला थर राहू द्या, पाठ खालच्या गरम बाजूला आणि धार वर. करवंटीचा कोळसा तिखट जळतो आणि लवकर बसतो, म्हणून त्यात भर घालत राहावं लागतं. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि डोळ्यांकडे तडतडत उडतो, तेव्हा वापरायच्या आधी भट्टीच्या कडेला पसरून वाळवा. चष्मा लावायचाच.

धार फार पातळ असणं हेही कारण असतं. शहाळ्याचा कोयता आणि ऐन-किंजळाच्या फांद्या मारायचा कोयता यांची धार एक नसावी. लाकडाला दोन्ही बाजू मिळून ३० ते ३५ अंशांचा कोन आणि किंचित पोटदार धार असली की ती टिकते. हे दगडावर दहा मिनिटांत दुरुस्त होतं, म्हणून भट्टीच्या आधी हे करून बघा.

दात पडतात तेव्हा

इथे एक चाचणी सगळ्यांच्या वर आहे. त्याच पाट्याची बोटभर रुंद पट्टी कापा. कोयत्याला जे केलं तेच तिला करा, तेवढाच ताव, तेच तेल, पण ताव उतरवू नका. गार झाल्यावर जाड फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा, चष्मा लावा आणि हातोड्यानं मोडा. मोडलेली कड उजेडात बघा. साखरेच्या दाण्यासारखी चमचमणारी, भरड कड दिसली तर पोलाद फार तापलं होतं. राखाडी, मऊसर, जवळजवळ न चमकणारी कड दिसली तर पोलादाचा आतला दाणा बारीक आहे आणि ताव बरोबर होता. एकदा दोन्ही प्रकारचे तुकडे मुद्दाम करून एका डबीत ठेवले की पुढे कोणाला विचारायची गरज पडत नाही. एक तुकडा पिवळा होईपर्यंत तापवा, दुसरा चुंबक सुटल्यावर (तापलेल्या पोलादाला चुंबक चिकटेनासा झाल्यावर) जरासा वर, आणि दोन्ही मोडून शेजारी ठेवा. फरक बघूनच समजतो.

भरड झालेला दाणा परत बारीक करता येतो. पातं पाणी देण्याच्या तावापर्यंत न्यायचं, बाहेर काढून स्थिर हवेत टांगायचं, काळं पडून चुंबक पुन्हा चिकटेपर्यंत थांबायचं. असं तीनदा, दर वेळी ताव थोडा कमी. हे करताना खारा वारा सुटलेल्या दुपारी पडवीत बसू नका. वारा एका अंगानं लागला की ते अंग आधी गार होतं आणि पातं वाकतं. ओल्या जमिनीवरही ठेवू नका. ज्या कोयत्याला पूर्वी पाणी दिलेलं आहे त्याला पुन्हा द्यायचं झालं तर ही तीन आवर्तनं केल्याशिवाय देऊच नका. दुसऱ्या पाण्यात जे कोयते तडकतात ते बहुतांशी इथेच.

ताव नजरेनं ओळखायचा तर उजेड सारखा हवा. किनाऱ्यावरचं बाराचं ऊन म्हणजे पडवीतही डोळे दिपतात, आणि त्या उजेडात मंद लाल रंग काळाच दिसतो. मग आपण पेटवत राहतो, लाल दिसेपर्यंत पोलाद खूप पुढे गेलेलं असतं. तोच रंग संध्याकाळी भडक वाटतो आणि आपण लवकर बाहेर काढतो. म्हणजे एकाच माणसाचा दुपारचा कोयता तुटतो आणि तिन्हीसांजेचा वळतो. मांगराच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, रोज त्याच जागी काम करा, आणि चुंबक जवळ ठेवा. पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला सोडतं. मेस्त्री म्हणतात ते खरं आहे, "तांबडो दिसता म्हणान भायर काढू नको, चुंबक लाव." पण चुंबक सुटला तिथे थांबायचं नाही. पाट्याच्या पोलादाला त्याहून वर, साडेआठशेच्या आसपास जावं लागतं. चुंबक सुटल्यावर रंग आणखी एक छटा उजळू द्या आणि धारेपासून पाठीपर्यंत तो सारखा होईस्तोवर पातं पुढेमागे फिरवत राहा.

यासाठी एक जुनी युक्ती आहे ती मला फार आवडते. मीठ ८०१ अंशांना वितळतं. तव्यावर भाजून कोरडं केलेले चार खडे पात्याच्या पाठीवर टाकायचे. खडे तसेच राहिले तर अजून वेळ आहे, पाघळून ओलसर चमक पसरली की आठशे ओलांडले. ज्या किनाऱ्यावर १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तिथे मिठाला तोटा नाही, मात्र मिठागरातलं ओलं मीठ थेट टाकू नका, ते फुटून अंगावर उडतं. काम संपल्यावर गरम पाण्यानं पातं स्वच्छ धुवा. एवढंसं मीठ राहिलं तरी आपल्या हवेत एका रात्रीत गंज धरतो.

तेल, पाणी आणि समुद्राचं पाणी

"समुद्राचं पाणी सगळ्यात कडक करतं" हे पुष्कळ ठिकाणी ऐकलं. त्यात तथ्य आहे. साध्या पाण्यात लाल पोलाद बुडवलं की त्याभोवती वाफेचं आवरण धरतं आणि ते गार होणं मंदावतं. खाऱ्या पाण्यात ते आवरण फुटतं, म्हणून पोलाद जास्त झपाट्यानं गार होतं. पण पाट्याला तो झपाटा नकोच आहे. त्यातलं सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम त्याला तेलातसुद्धा पुरेसं कडक होऊ देतं. पाण्यात घातलं की धारेवरून पाठीकडे केसासारखी चीर जाते, कधी टिक असा आवाज येतो, कधी आवाजही येत नाही.

शेंगदाण्याचं किंवा पाम तेल चालतं. गाडीचं जळकं तेल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा, म्हणजे बोट घातलं की लगेच काढावंसं वाटेल इतपत. कोमट तेल पातळ असतं आणि पात्याभोवती चांगलं खेळतं, थंड घट्ट तेलापेक्षा लवकर ऊब ओढून घेतं. सहाशे ग्रॅमच्या कोयत्यामागे निदान पाच लिटर तेल असू द्या. एवढं तेल एका कोयत्यानं साधारण ३० अंशांनी तापतं, म्हणजे नव्वदीच्या घरात जातं. त्याच तेलात लगेच दुसरा कोयता बुडवला तर त्याला तेच पाणी चढेल अशी अपेक्षा नको. भांडं लोखंडी आणि खोल, जवळ घट्ट बसणारं झाकण, कारण तेल पेट घेतंच कधीतरी. प्लास्टिकची बादली कधीच नाही.

बुडवण्याआधी धारेची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असावी, रुपयाच्या नाण्याएवढी. आधीच धार पातळ केली तर ती भट्टीत जळते, तेलात वाकते. पातं तेलात सरळ खाली घाला, धार पुढे करून, आणि पुढेमागे हलवा. आडवं हलवलं तर हमखास वाकतं. बाहेर काढल्यावर हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच दोन फळ्यांमध्ये दाबून सरळ करून घ्या. पूर्ण गार झाल्यावर सरळ करायला गेलात तर मोडेल.

इथे आपल्या जुन्या मेस्त्रींच्या पाण्याबद्दल लिहिलं पाहिजे, कारण ते पाण्यात देतात आणि त्यांचे कोयते तडकत नाहीत. ते सगळं पातं बुडवत नाहीत. धारेचा फक्त इंचभर भाग पाण्यात, तोही किंचित वरखाली करत, म्हणजे कडक आणि मऊ यांच्यात एकदम तुटक रेघ राहत नाही. मग बाहेर काढून दगडाच्या तुकड्यानं धार खरवडून चकचकीत करतात. पाठ अजून गरम असते, तिची ऊब धारेकडे सरकते आणि चकचकीत जागेवर रंग चढत येतात, आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. हवा तो रंग धारेला टेकला की सबंध पातं पाण्यात. पाणी देणं आणि ताव उतरवणं एकाच तावात होतं. त्यांचं पोलादही साध्या कार्बनचं, पाण्याला सोसणारं. हे बघण्यासारखं काम आहे, ज्यांना संधी मिळेल त्यांनी मेस्त्रींच्या दुकानात उभं राहून बघावं. पण रंग सरकायला काही सेकंदच मिळतात, आणि ते हातात बसेपर्यंत नवख्यानं तेल आणि वेगळा ताव हाच रस्ता धरावा.

ताव उतरवणं

तेलातून काढलेला कोयता उद्यावर ठेवायचा नाही. आत ताण कोंडलेला असतो, रात्रीत आपोआप चीर पडू शकते. त्याच दिवशी, हात लावता येईल इतका गार झाला की लगेच ताव उतरवा.

घरच्या ओव्हनमध्ये कोयता मावत नाही, आणि बहुतेक ओव्हन २५० अंशांच्या पुढे जात नाहीत. सुरीला ते पुरतं, कोयत्याला आणखी वर जायचं असतं. म्हणून जाड लोखंडाचा ठोकळा किंवा पाट्याचा मोठा तुकडा लाल करायचा, कोयता पॉलिश पेपरनं चकचकीत करायचा आणि त्याची पाठ त्या तुकड्यावर टेकवायची. धार वर, हवेत. पाठीकडून रंग निघतात. फिका पिवळा साधारण २१० ते २२० अंशांना, तपकिरी २६० ला, जांभळा २८० ला, निळा ३०० ला. लाकूड मारायच्या कोयत्याच्या धारेला जांभळा येऊ द्या, पाठ निळी होऊन पुढे गेली तरी हरकत नाही. नारळ-शहाळ्याच्या कोयत्याला तपकिरी पुरे. चोच पातळ असल्यानं तिथे रंग धावतो, म्हणून ती तुकड्याच्या बाहेर राहील असं धरा आणि ओलं फडकं हाताशी ठेवा. रंग आला की पाण्यात बुडवा, पुन्हा पॉलिश करा, पुन्हा एकदा तेच करा. दुसरी फेरी आळसानं टाळू नका. पहिल्या फेरीनंतर "जरा ठिसूळ वाटतो" म्हणून परत आलेले कोयते दुसऱ्या फेरीनं सुधारलेले मी बघितले आहेत, नव्यानं पाणी न देता. दात पडणाऱ्या कोयत्यावर म्हणूनच सगळ्यात आधी हाच उपाय करायचा. कोयता भट्टीत घालावा लागत नाही, नुकसान काही नाही, आणि ताव कमी उतरला असेल तर दुखणं इथेच संपतं.

धार लावल्यावर पितळी सळईची परीक्षा घ्या. पाच-सहा मिलिमीटरची गोल सळई व्हाइसमध्ये आडवी धरा, धार तिच्यावर धार लावायच्या कोनात टेकवा आणि अंगचा जोर देऊन सरकवा. कड सळईवरून जाताना किंचित वाकलेली दिसते आणि पुढे गेली की सरळ होते. वाकून तशीच राहिली तर मऊ. कपचा उडाला तर अजून ताव उतरवायचा आहे. हे धारेच्या तीन-चार जागी करा, एका जागेवर विसंबू नका.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कोयता जितका वापरानं बिघडतो त्याहून अधिक ठेवण्यानं बिघडतो. गंज धारेच्या कडेला सूक्ष्म खड्डे पाडतो, आणि पहिल्या घावाला त्या खड्ड्यांपासून बारीक तुकडे निघतात. दिसायला ते ठिसूळ पाण्यासारखंच दिसतं. भिंगातून बघितलं तर दातांच्या बुडाशी तपकिरी ठिपका असतो, ताज्या मोडीत तो नसतो. असा कोयता नुसता घासून खड्ड्यांच्या खाली न्यायचा. पावसातून आल्यावर ओला कोयता कमरेच्या आकडीत अडकवून ठेवू नका, चामड्याच्या म्यानात तर नाहीच. पुसा, चुलीच्या उबेला धरा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. भट्टीच्या कामाला जी पट्टी जस्त चढवलेली असेल, होडीचं सामान, जीआय पाइप, ती आत घालू नका. जस्ताच्या धुरानं ताप भरतो.

चीर आहे का ते कसं कळणार

भंगारातला पाटा घेतल्याबरोबर आणि पाणी दिलेल्या प्रत्येक पात्याला ही तपासणी करा. पातं स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल चोळा, पाव तास ठेवा, कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा आणि खडूची पूड भुरभुरवा. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळी रेघ उमटते. पाटे मधल्या बोल्टच्या भोकापासून आणि कडांपासून फाटतात, तो भाग आधी कापून टाका.

कोयत्याच्या धारेला उथळ चीर दिसली तर घासून काढा आणि पुन्हा खडू लावून बघा. रेघ परत उमटली तर आणखी घासा. ती अर्ध्या पात्याच्या पुढे गेली असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. पाट्याच्या पोलादाला नुसतं वेल्डिंग मारलं की सांध्याच्या शेजारी नवी चीर पडते, आणि तो तुकडा कवळ तोडताना झाडावरून कुठे उडेल सांगता येत नाही. चिरेच्या पुढचा चांगला भाग कापून घ्या. त्याला तीन आवर्तनं देऊन दाणा सारखा केला की स्वयंपाकघरातली एक चांगली सुरी होते, आणि तिला ओव्हनमधला २२० अंशांचा ताव पुरतो.